हिरव्याखालचा पिवळा

काकांना पत्ता विचारण्यात अर्थ नसायचा. ते रंग सांगायचे. "देशमुखांचं घर ना? पिवळ्यात आहे, निळ्याला लागून. निळा संपला की उजवीकडे." नवा माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा आणि मग मला उलगडून सांगावं लागायचं की पिवळा म्हणजे राहती घरं, निळा म्हणजे बाजार, तेव्हा फ्रीगंजची दुकानं संपली की उजवीकडे वळा. एकदा त्यांनी ऑटोवाल्याला "लाल में ले चलो, भिया" असं सांगितलं. लाल म्हणजे शाळा, दवाखाने, कचेऱ्या. त्यांना जायचं होतं दवाखान्यात. ऑटोवाल्याने त्यांना शेंदरी रंगाच्या एका देवळासमोर उतरवलं. काकांनी देवाला नमस्कार केला, पायीच दवाखाना गाठला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, की चूक त्या बिचाऱ्याची नाही, उज्जैनच्या लोकांना आपल्या गावाचा नकाशा कुणी दाखवलाच नाही.

ज्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली त्याचं नाव सांगत नाही. जुनी माणसं अजून भेटतात, उगाच वाईटपणा नको. शहर कोणत्या बाजूला वाढेल, कुठे फक्त घरं होतील, कुठे दुकानं चालतील आणि कुठे कुणीही काहीही बांधायचं नाही, हे ज्या मोठ्या नकाशावर ठरतं तो आमच्याकडे तयार व्हायचा. सगळे त्याला मास्टर प्लॅन म्हणत. ठरवणारे साहेब वेगळे होते. हाताने रंगवणारे काका. हिंदीवाले सहकारी त्यांना रंगरेज म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. मी पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून थेट त्यांच्या शेजारच्या टेबलावर आले. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, वडील रेल्वेत आहेत हे ऐकलं आणि म्हणाले, "अच्छा, आपलीच आहेस. मतलब ब्रश धुऊन ठेवशील." माझ्या गुणवत्तेबद्दल त्यांनी त्यानंतर कधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

त्यांचे नियम दोन. पहिला, पाय लावल्याशिवाय रंग नाही. ज्या जमिनीवर आपण चाललो नाही तिला ब्रश लावायचा नाही. साहेब यादी पाठवत, अमुक भागाला पिवळा, तमुक पट्ट्याला निळा, आणि बाकी कुठलाही माणूस खुर्चीवर बसून तो रंगवून मोकळा झाला असता. काका आधी सायकल काढायचे. पँटच्या पायाला क्लिप, खांद्याला पिशवी, पिशवीत काकूंनी दिलेली पोळीभाजी. संध्याकाळी परत आले की चपला दाराबाहेर उलट्या ठेवायचे, तळाला चिकटलेली माती वाळून पडावी म्हणून. शिपाई ती झाडायला आला की त्याला म्हणायचे, "रुको, देखने दो." काळी असली, चिकट असली, तर त्या तुकड्यावर घरं म्हणजे त्रास आहे, असं साहेबांना जाऊन सांगायचे. साहेब कधी ऐकत, कधी नाही. पण चपला बघून आलेत म्हटल्यावर विचार करत.

दुसरा नियम, ओल्या रंगाला बोट लावायचं नाही. भोपाळहून एकदा फार मोठे साहेब आले होते. टेबलावर आठ फुटी नकाशा पसरलेला, त्यावर नुकताच रंग फिरवलेला. साहेबांनी "ये कौनसा एरिया है?" म्हणत तर्जनी पुढे केली. काकांनी लाकडी पट्टी आडवी घातली. साहेबांचं बोट पट्टीवर टेकलं. काका हात जोडून म्हणाले, "सर, गीला है. अभी दाग पड़ा तो पचास साल वहीं रहेगा." साहेब चक्क हसले. आमचे साहेब मात्र नंतर तासभर काकांना बोलत होते, आणि काका तो तासभर ब्रश धूत होते.

मला हे नियोजन वगैरे त्यांनी त्यांच्या घरी, जेवणाच्या ताटावर शिकवलं. "हे बघ बेटा, मीठ-लिंबू वरती, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये. कोण कुठे बसणार ते पहिलेच ठरलेलं आहे ना? आणि मध्ये थोडी जागा खाली सोडलेली आहे. ती कशाला?" मी म्हटलं, कालवायला. "शाबास. ती भरली की आमटी चटणीत गेलीच समज." काकू वाढता वाढता म्हणाल्या, "यांच्या पानात लोणचं वाढायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो." आणि मुद्दाम भाताच्या डोक्यावर लोणच्याची फोड ठेवून गेल्या. काकांनी ती गुपचूप डावीकडे सरकवली.

खाली, म्हणजे रिकामी. आम्हा उज्जैनच्या मराठी माणसांचा हा हिंदी 'खाली' पुण्यातल्या नातेवाइकांना कळत नाही, जमीन खाली आहे म्हटलं की ते पायाकडे बघतात. काकांना मात्र हा शब्द देवासारखा होता. सिंहस्थासाठी राखून ठेवलेली, नकाशावर हिरवी असलेली जमीन दाखवायला ते मला सायकलवरून घेऊन गेले होते. साधी शेतं, गहू नि हरभरा. तिथे बारा वर्षांतून एकदा सगळं जग येऊन राहतं आणि तंबू उचलून जातं. काका बांधावर बसून म्हणाले, "एवढं एक आपल्या गावाला जमतं. जागा खाली ठेवायची. लोकांना वाटतं हिरवा म्हणजे काही नाही, उद्या भरू. तसं नसतं ना. पाण्यालाही कुठेतरी राहायला लागतं." मग त्यांनी शेतमालकाला विचारून हरभऱ्याच्या दोन डहाळ्या उपटल्या. एक मला दिली.

आता काकूंचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्याशीच येऊन थांबतं.

काकूंना स्वतःचं घर हवं होतं. हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, कारण दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या की त्या हसत हसत तेच बोलायच्या. मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, आणि त्याही टिकत नव्हत्या. पहिलं घर फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत होतं. त्या रस्त्याला काकांनीच निळी किनार दिली होती. निळी किनार मिळाली की घरांचे ओटले तुटतात आणि शटरं बसतात. दोन वर्षांत घरमालकाने खाली दुकानं काढली आणि यांना जा म्हणाला. दुसऱ्या घराचंही तेच झालं. काकू म्हणायच्या, "आमचे हे स्वतःच्या हाताने स्वतःला बाहेर काढतात." त्यांचं मागणं तसं लहानसं होतं. एकाही घरमालकाने त्यांना भिंतीत खिळा ठोकू दिला नव्हता, भिंत खराब होते म्हणून. त्यांच्या सासू-सासऱ्यांची तसबीर कायम ट्रंकेवर उभी असायची, केर काढताना पडायची, काच दोनदा फुटली होती. "मला बंगला नको गं," त्या मला म्हणायच्या, "भिंत माझी, खिळा माझा. बस."

आणि जमीन त्यांच्याकडे होती. हीच तर गंमत. नानाखेड्याच्या पुढे, तेव्हा शेतं होती तिथे, ऑफिसातल्या बारा जणांनी मिळून तुकडा घेतला होता आणि त्यातला एक लहान प्लॉट काका-काकूंच्या नावावर होता. मास्टर प्लॅनच्या यादीत तो भाग पिवळा होता. बाराही जणांनी घरांचे नक्शे काढून ठेवले होते. अंतिम नकाशा भोपाळला गेला तेव्हा तो तुकडा हिरवा होता. काकांनी साहेबांना लेखी टिपण दिलं होतं, की इथे पावसाळ्यात पाणी साचतं आणि जिरतं, इथे घरं नकोत. साहेबांना ते पटलं. बाकीचे अकरा जण काकांशी बोलेनासे झाले. त्यांच्या डब्यात कुणी हात घालेना. हे सगळं मी नोकरीला लागायच्या दोन वर्षं आधीचं. मी आले तेव्हा काका एकटे जेवत आणि तो मोठा रंगीत नकाशा, कापडावर चिकटवलेला, हॉलच्या भिंतीवर टांगलेला होता.

मी एकदा धीर करून विचारलं, की तुम्ही असं का केलंत. ते ब्रशचे केस बोटाने सरळ करत होते. "पाय ओले झाले, बेटा," एवढंच म्हणाले.

ऑफिसात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. काहींच्या मते ते वेडे, काहींच्या मते हरिश्चंद्र. मी बराच काळ दुसऱ्या गटात होते. माझं मत बदललं ते काकू गेल्या तेव्हा. काका निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, तिसऱ्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की काकूंना खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. दहाव्याला आम्ही चारपाच जण राम घाटावर होतो. तिथे पंड्यांच्या वह्या असतात, त्यांत घराण्याची नोंद होते, मूळ गाव, कोण कुणाचं कोण, आणि सध्या राहणार कुठे. पंड्याने विचारलं, "माताजी का निवास?" काकांनी नानाखेड्यापुढच्या त्या प्लॉटचा नंबर सांगितला. मोकळ्या शेतजमिनीचा नंबर. पंड्याने तो लिहून घेतला, त्याला काय. मला मात्र भयंकर राग आला. जिवंत होती तोवर खिळा ठोकायला चार विटा दिल्या नाहीत आणि आता वहीत पत्ता देतो आहे, असं मनात आलं. मी घाटाच्या पायरीवर त्यांच्यापासून दूर जाऊन बसले. त्यांना ते समजलं असणार. त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं हळूहळू कमी केलं, आणि कारण विचारलं की कामाचं सांगायची.

काम होतंही. ब्रश गेले, रंगाच्या वाट्या गेल्या, माझ्यासमोर संगणक आला. नवा मास्टर प्लॅन करायचा होता आणि त्यासाठी जुना रंगीत नकाशा भिंतीवरून काढून स्कॅन करायला माझ्याकडेच दिला. इतक्या वर्षांनी मी काकांचं काम इतक्या जवळून बघत होते. कुठे ओघळ नाही, कुठे रेघेबाहेर एक थेंब नाही. आणि मग नानाखेड्यापुढच्या त्या हिरव्या तुकड्यात मला एक डाग दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, निळसर. आजूबाजूचा हिरवाही इतर हिरव्यांपेक्षा थोडा निराळा वाटला, उन्हातल्या गवतासारखा. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. हरिश्चंद्राच्या हातूनही डाग पडतो म्हणायचा.

दोन महिन्यांनी वरून यादी आली. तो तुकडा आणि त्याच्या आजूबाजूचं बरंच काही पिवळं करायचं होतं. माझं काम एवढंच, की स्क्रीनवर तो आकार निवडायचा, कोष्टकातून 'आवासीय', म्हणजे राहती घरं, निवडायचं आणि बटण दाबायचं. मी दाबलं. काळी माती नाही, सायकल नाही, चपला नाहीत. चहा यायच्या आत अशा चौदा जागांचे रंग मी बदलले.

घरी जाताना मात्र पाय काकांच्या गल्लीकडे वळले. सांगायला हवं असं वाटलं. त्यांच्या फायद्याची बातमी होती, आता ते बांधू शकत होते किंवा विकू शकत होते. ते गॅलरीत बसले होते, खूप वाळले होते. ट्रंकेवर आता दोन तसबिरी उभ्या होत्या, दुसरी काकूंची. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाऊन आलीस?"

"कुठे?"

"तिथे. पाय लावून आलीस?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. मला ते सोसवेना, म्हणून मी चेष्टेवर नेलं. म्हटलं, "काका, तुमचाही एक डाग सापडला बरं का. त्याच तुकड्यात."

ते एकदम माझ्याकडे वळले. "पुसलास?"

"स्कॅनमध्ये तो आपोआप साफ होतो."

"आणि खऱ्यात?"

"खऱ्यात आहे तसाच."

"बरं," ते म्हणाले, आणि उठून चहा ठेवायला गेले. चहा देताना म्हणाले, "रविवारी खाली आहेस? मला तिथे जायचं आहे. सायकल तर आता होत नाही."

रविवारी आम्ही ई-रिक्षाने गेलो. नवरात्र चालू होतं, पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. आसपास कॉलन्यांच्या कमानी उभ्या होत्या, पांढऱ्या चुन्याने प्लॉट आखलेले. मधल्या खोलगट तुकड्यात अजून पाणी होतं. बगळे होते. काकांनी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि सरळ आत गेले. मला म्हणाले, "ये ना. आता तरी लाव पाय." मी साडी खोचून गेले. घोट्याच्या वर पाणी आलं. खाली काळी माती बोटांमध्ये शिरत होती.

तिथे उभ्या उभ्या त्यांनी मला ते सांगितलं. ते कसे बोलत तसंच लिहिते.

"तुला वाटतं मी तिला घर दिलं नाही. वाटतं ना? घाटावर तुझा चेहरा पाहिला होता मी. ऐक. मी हा पिवळाच केला होता. यादीतही पिवळा होता आणि माझ्या मनातही. उन्हाळ्यात पाय लावला होता, जमीन कडक होती, मला तर ठीक वाटली. रंगवला आणि त्याच संध्याकाळी तिला ऑफिसात घेऊन गेलो. चौकीदाराला म्हटलं, पाच मिनिटं. तिला दाखवलं, हे बघ, हे तुझं घर. रंग अजून ओला होता. तिने बोट लावलं. मी ओरडलो नाही. काय ओरडणार."

त्यांनी एक पाऊल पाण्यातून उचललं, त्याची माती बघितली आणि परत ठेवलं.

"मग श्रावणात तिला इथे आणलं. भूमिपूजन कुठे करायचं ते बघायला. गुडघ्याएवढं पाणी. एक म्हातारा शेतकरी बांधावर होता, म्हणाला, साब, आसपास का सारा पानी यहीं आके बैठता है, यहीं से कुओं में जाता है. ती पाण्यात उभी राहिली, ही अशीच. खूप वेळ. मग मला म्हणते, अहो, आपण इथे घर बांधलं तर हे पाणी कुणाच्या घरी जाईल? मी म्हटलं, भराव टाकू. पहिलं एक घर बांधलं तर काय होतं. बेटा, मी तिच्या हातापाया पडलो. मी! दुसऱ्यांना शिकवायचो ना, पाय लावा म्हणून. ती म्हणाली, तुम्ही उद्या जाऊन हिरवा करा. नाहीतर मला त्या घरात झोप नाही लागायची."

एवढी वर्षं मी ज्या माणसावर मनातून रुसून बसले होते, तो माणूस माझ्यासमोर गढूळ पाण्यात उभा राहून आपला दोष सांगत होता.

"लोकांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तीच म्हणाली, तुमच्या नावावर राहू दे. ऑफिसातले लोक मला बोलतील, मला ऐकवणार नाही. आणि मग सगळे मला मोठा माणूस समजायला लागले. मला ते सोसायला लागलं. खरं तर ती मोठी होती." मग ते थोडं हसले. "बदलायला गेलो तेव्हा पिवळा स्पंजने धुवायचा असतो आधी, तुला माहीत आहे. मग वाटीतला हिरवा. माझा हात नाही चालला धुवायला. वरून पातळ निळा फिरवला. झाला हिरवा. तिचं बोट लागलं होतं तिथे पिवळा निघून गेलेला, तिथे फक्त निळा राहिला. तोच तुझा डाग."

आम्ही परत आलो. रिक्षात ते सारखे आपल्या ओल्या पावलांकडे बघत होते.

प्लॅनचा मसुदा जाहीर झाला की लोकांना आपत्ती, म्हणजे हरकत, नोंदवायला मुदत असते, मग सुनावणी होते. काकांनी आपत्ती दिली. स्वतःच्या हाताने लिहिली, त्याच त्यांच्या नकाशावरच्या अक्षरात. सुनावणीच्या दिवशी हॉल माणसांनी भरला होता आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझं हिरवं का, मला पिवळं करा. काकांचा नंबर आला. मी कोपऱ्यात फायली घेऊन उभी होते. टेबलापलीकडचे गृहस्थ कागद उलटसुलट करून बघत होते.

"बाबूजी, ये प्लॉट आप ही का है ना?"

"जी. मेरा और मेरी पत्नी का."

"और पीला हो रहा है. आपको तो मिठाई बाँटनी चाहिए. आपत्ति किस बात की?"

"साहब, वहाँ पानी रहता है."

"तो मत बनाइए आप. आपको कौन कह रहा है? दूसरों का क्यों रुकवा रहे हैं?" लोक हसले. गृहस्थांनी कागदावर बोट ठेवलं. "दूसरा नाम पत्नी का है. उनकी सहमति है इस आपत्ति पर? उनके दस्तख़त नहीं हैं."

काका टेबलाला धरून उभे होते. "उन्हीं की आपत्ति है," ते म्हणाले. "मैं तो सिर्फ़ लिख के लाया हूँ."

मागून कुणीतरी परत हसलं. पुढचा नंबर पुकारला गेला. मला वाटलं होतं मी पुढे जाऊन काहीतरी सांगेन, की मी जाऊन आले आहे, माझेही पाय ओले झाले आहेत. मी फायली छातीशी धरून उभी राहिले. नोकरीची चार वर्षं उरली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते आहे.

महिन्याभराने निकालाची यादी आली. त्यांच्या नावापुढे एकच शब्द होता, अमान्य. मी स्वतः जाऊन सांगितलं. काका गॅलरीतच होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली, ट्रंकेवरच्या तसबिरींकडे पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. मतलब आता खिळा ठोकायला हरकत नाही." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. माघात गेले. राम घाटावर पंड्याने त्यांचा निवास विचारला तेव्हा सांगायला मीच होते. मी तोच नंबर सांगितला.

मी तिकडे अधूनमधून जाते. कॉलनी पूर्ण झाली आहे, बरीच माणसं राहतात, त्यांत आमच्या ऑफिसातलेही दोघे आहेत. काकांचा प्लॉट एका पुतण्याच्या वाट्याला आला, तो बंगलोरला असतो आणि फोन उचलत नाही. त्यामुळे तो खाली आहे. पावसाळ्यात चारी बाजूंचं पाणी त्या एवढ्याशा चौकोनात यायला बघतं, मावत नाही, आणि मग रस्त्यावरून लोकांच्या फाटकांत शिरतं. लोक तिथे उभे राहून या रिकाम्या प्लॉटच्या मालकाला शिव्या देतात, की ह्याच्यामुळे डास होतात. मी ऐकते आणि पुढे चालायला लागते.

निवृत्तीच्या आठवड्यात मला सांगण्यात आलं, की भांडारातल्या जुन्या नकाशांची यादी कर, स्कॅन झालेले आहेत, कागद आता निकाली काढायचे. तो नकाशा एका लोखंडी कपाटामागे गुंडाळून उभा केलेला होता. कापड उंदरांनी एका बाजूने कुरतडलं होतं. मी तो जमिनीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर फायली ठेवल्या. रंग अजून जसेच्या तसे होते. नानाखेडा सापडायला वेळ लागला नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात त्या एका तुकड्याच्या हिरव्याखालून पिवळा स्पष्ट दिसत होता, काकूंचं घर जिथे होणार होतं तेवढाच. मध्ये तो निळा ठिपका.

काकांनी शिकवलेलं एवढं एक मी नोकरीभर पाळलं होतं, नकाशाला हात लावायचा तर पट्टीने. त्या दिवशी पट्टी हातात होती. ती मी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर बसून तिथे बोट टेकवलं. रंग कधीचाच वाळला होता. माझं बोट त्या ठिपक्यापेक्षा थोडं मोठं होतं.